बोंबलाचं कपाट

पवईच्या त्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेत मुलं म्हणायची, मायदेवसरांशी भांडलं की कंपनी मिळते.

म्हणणं गमतीचं होतं, पण खोटं नव्हतं. प्राध्यापक रामचंद्र मायदेव मेकॅनिकलला शिकवायचे. संशोधन कपाटात ठेवलं की त्याला वाळवी लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. बाकीचे प्राध्यापक शोधनिबंध छापून मोकळे व्हायचे. मायदेवसर त्या निबंधाची वस्तू करायला निघायचे आणि वस्तूची कंपनी. स्वतःच्या नावावर धंदा करायला नोकरीचे नियम आड येत, म्हणून कंपनी विद्यार्थ्याची आणि सर नुसते सल्ल्याला, तेही फुकट. सहकारी पाठीमागे त्यांना कारखानदार म्हणत. सरांच्या कानावर ते गेलं होतं आणि त्यांना त्यात शिवी कुठे आहे तेच कळलं नव्हतं.

पहिली कंपनी निघाली मुलुंडला, पाण्याच्या पंपाच्या सीलची. नंदू कारखानीस नावाच्या मुलाने एक दिवस सरांना तोंडावर सांगितलं, "सर, तुमचं सील गळतं. गणितच चुकलंय." दोघांची दोन दिवस जुंपली. तिसऱ्या दिवशी सरांनी फाइल त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, कंपनी काढ." दुसरी अंधेरीला निघाली, गिरणीत उडणारं पीठ धरून ठेवणाऱ्या यंत्राची. तो मुलगा तर आठवडाभर भांडत होता. अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं.

सुलक्षणा धुरी मात्र तीन वर्षांत एकदाही भांडली नव्हती.

ती घाटकोपरच्या चाळीतली. वडील बाळा धुरी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि आता ते मुलुंडच्या एका कारखान्याच्या दारावर वॉचमन होते. वर्कशॉपमध्ये सुलक्षणा एकटी मुलगी. लेथवर तिचा हात असा बसलेला की जुने मिस्त्रीसुद्धा मान हलवायचे. एम.टेक. झाल्यावरही सरांनी तिला आपल्या प्रकल्पावर ठेवून घेतलं. सर सांगतील ते ती करायची, सर म्हणतील त्याला हो म्हणायची. हा तिच्या लेखी आदर होता. आदर होताच म्हणा. पण त्यात थोडी भीतीही कालवलेली होती, आणि ती तिची तिलाच ठाऊक होती.

प्रकल्प होता मासळी वाळवण्याच्या यंत्राचा. सर एकदा बायकोमुलांना घेऊन वर्सोव्याहून तरीने मढला निघाले होते. भाद्रपदाचे दिवस. नारळी पुनवेनंतर होड्या समुद्रात गेलेल्या, बोंबील टोपल्यांनी येत होते आणि आभाळ असं भरलेलं की ऊन नावाला नाही. धक्क्यावर कोळणी सडलेल्या बोंबलांच्या टोपल्या खाडीत ओतत होत्या. सर अंड्यालासुद्धा न शिवणारे, पण पानात भाताचं शीत टाकलेलं त्यांना खपत नसे. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुलक्षणाला बोलावलं आणि फळ्यावर एक कपाट काढलं. खाली लाकडाच्या भुशाची शेगडी, बाजूला पंखा, आत जाळीचे बारा ट्रे. ऊन नसलं तरी मासळी वाळली पाहिजे.

"मासळी ट्रेवर आडवी पसरायची," सर म्हणाले. "बरोबर?"

"हो सर," सुलक्षणा म्हणाली.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. कारण बोंबील आडवा पसरून वाळवत नाहीत, हे सुलक्षणाला चांगलं माहीत होतं. बोंबील म्हणजे नुसतं पाणी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. धुऱ्यांच्या स्वयंपाकघरात दरसाल उन्हाळ्यात सुक्या बोंबलांची चळत यायची आणि ती तोंडं सोडवून बोंबील डब्यात भरायचं काम लहानपणापासून सुलक्षणाचं होतं. तिच्या बोटांना त्या बारीक दातांची ओळख होती. तरी ती हो म्हणाली आणि तिनेच बारा ट्रेची ड्रॉइंगं काढली.

का म्हणाली, तर त्याला कारण एक उदबत्ती.

एम.टेक.च्या पहिल्या वर्षी, पहिल्याच महिन्यात, तिने प्रयोगशाळेत डबा उघडला होता. आईने प्रेमाने सुक्या बोंबलाचं कालवण दिलेलं. कोणी काही वाईट बोललं नाही. एकाने खिडक्या उघडल्या. दुसऱ्याने कपाटातून उदबत्ती काढून लावली आणि पुन्हा शांतपणे आपल्या कामाला बसला. बस्स, एवढंच. सुलक्षणाने चार घासांत डबा संपवला आणि त्या दिवसापासून तिच्या डब्यात फक्त बटाट्याची भाजी आली. एखादी शिवी दिली असती तर ती विसरली असती. उदबत्ती काही विसरली गेली नाही.

त्यामुळे प्रयोगशाळेत मासळी येणंच शक्य नव्हतं. विभागप्रमुखांनीही नको म्हटलं होतं. सरांनी तोड काढली. बोंबलात पाणी जेवढं, जवळपास तेवढंच दुधी भोपळ्यात. मग दोन वर्षं कपाटात दुधी वाळला. दुधीच्या लांब लांब फोडी, त्यांची वजनं, त्यांचे आलेख. आलेख इतके सुरेख आले की सरांनी ते भिंतीवर लावले. कॅन्टीनवाला भाऊराव विचारायचा, "सर, एवढा दुधी खातं तरी कोण?"

शहाऐंशीच्या सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, कपाट टेम्पोत घालून वर्सोव्याला नेलं. सरांचा एक नियम होता. पहिलं यंत्र द्यायचं ते ज्याची जीभ सगळ्यात तिखट त्याला. चौकशी करता वर्सोव्यात सगळ्यांनी एकमुखाने सखुबाईचं नाव सांगितलं. सखुबाई वाळवणाचं काम करणाऱ्या बायकांची म्होरकी, पन्नाशीची, आवाज असा की खाडीपलीकडे मढला ऐकू जावा. तिला पसंत पडलं तर तिथल्या बायका मिळून सहा कपाटं घेणार होत्या आणि सहा कपाटांवर कंपनी उभी राहणार होती.

सुलक्षणाच्या पर्समध्ये त्याच वेळी एक पत्र होतं. माहुलच्या बाजूच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तिला इंजिनिअरची नोकरी लागली होती. एक ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजता हजर व्हायचं, न झाल्यास जागा रद्द. बाळा धुरींनी ते पत्र देवापुढे ठेवून मगच तिच्या हातात दिलं होतं. कंपनी उभी राहिली तर कंपनी, नाहीतर माहुल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. घरी मात्र अर्धंच सांगितलं होतं.

सखुबाईने दोन टोपल्या बोंबील दिले. ट्रेवर पसरले. शेगडी पेटली, पंखा रात्रभर फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या घोळक्यात सरांनी दार उघडलं.

बोंबील वाळले होते, त्यात शंका नाही. पण ते जाळीला असे चिकटले होते की एकेक ओढताना तुकडे पडत होते. जे अखंड निघाले ते चपटे, वेडेवाकडे, पाठीवर जाळीचे चौकोन उमटलेले. सखुबाईने एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"काय गो, ह्यो बोंबील हाय का पापर?"

बायका हसल्या. सरांनी ओलावा मोजायचं यंत्र काढलं. "सोळा टक्के," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

"टक्के बाजारान इकू काय?" सखुबाई म्हणाली. "आनि यांची तोंडं कशी मोकली? जोरी कुठं हाय? तोंडात तोंड बघितल्याबिगर गिऱ्हाईक हात लावनार नाय, मास्तर."

"तोंडात तोंड म्हणजे?" सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. सखुबाईने त्यांचा हात धरला आणि पलीकडे नेलं. तिथे बांबूच्या चौकटींवर, म्हणजे वलांडीवर, ढगांतून आलेल्या तेवढ्याशा उन्हाच्या आशेने थोडे बोंबील टांगलेले होते, जबड्यात जबडा. सर बराच वेळ बघत राहिले. सुलक्षणाने तिकडे बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "चूक माझी. मी मासे खात नाही, मला कळणार कसं! तू तरी काय करणार, तुलाही कुठे माहीत होतं."

सुलक्षणा मूग गिळून बसली. बस अंधेरी ओलांडून पवईला पोचली तरी ते मूग काही खाली उतरले नाहीत.

घरी तिची आई मालन चुलीशी होती. सुलक्षणाने सगळं सांगितलं, सखुबाईच्या पापडासकट. मालन हसायला लागली आणि हसता हसता थांबली.

"आणि तुका म्हायत नाय होता? लहानपणी माझ्या बाजूक बसान तोंडां सोडवत होतंस मा?"

"माहीत होतं."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

सुलक्षणा ताटं मांडायला लागली. मालनने तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या स्टीलच्या डब्याकडे बघितलं. तीन वर्षं तो डबा बटाट्याची भाजीच का मागतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता तिला विचारावं लागलं नाही. "आमचां खाणां काय चोरीचां नाय गो," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी उलटली. सुलक्षणाला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी त्या उदबत्तीच्या वासातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. ट्रे काढतानाही माहीत होतं. उदबत्तीचंही सांगितलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या दुधीच्या आलेखांकडे त्यांनी एकदा बघितलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते शेवटी म्हणाले. "दोन वर्षं मी दुधी वाळवला आणि बोंबील माहीत असलेलं माणूस इथे, या टेबलाशी बसलं होतं. तीन वर्षं तू इथे गप्प बसलीस, तर चूक या खोलीतही आहे. उद्यापासून डबा इथे, माझ्यासमोर उघडायचा. काय असेल तो."

"हो सर."

"आणि अजून एक. तू आज तुझी चूक सांगितलीस. माझी कधी सांगणार?"

सुलक्षणा सवयीने पुन्हा "हो सर" म्हणाली. सरांनी कपाळावर हात मारला.

मग दहा दिवस कामाचे गेले. ट्रे निघाले. कपाट उंच झालं, आत दोऱ्या आल्या, पंख्याचा वारा बाजूने यायचा तो खालून वर जायला लागला. दुपारी सर आपली पोळी-भाजी आणि सुलक्षणा आपलं कालवण, समोरासमोर बसून जेवायचे. पहिल्या दिवशी खिडक्या उघडायला एकजण उठला, त्याला सर म्हणाले, "वारा येतोय तेवढा पुरे." दुपारनंतर ती वर्सोव्याला जाऊन सखुबाईच्या शेजारी बसायची आणि बघायची. ओले बोंबील जोडायलाही शिकली. सोडवण्यात तिचा हात बसला होता, जोडणं फार अवघड. दहांतले चार निसटायचे. सखुबाई शिव्या घालायची आणि पुन्हा दाखवायची.

"पयला वारा, मंग ऊन," ती एकदा म्हणाली. "पानी ठिपकून जाऊ दे शेपटीतून. पयलाच ताव लागला तं म्हावरा शिजतंय, वालत नाय. वरून कडक, आतून सडका." सुलक्षणाने ते वहीत लिहून घेतलं.

आता नवी चाचणी कधी, हा प्रश्न. सुलक्षणाने तीस सप्टेंबरच्या आत करूया म्हणून विनवलं. सखुबाईने हात झटकला. "म्हावरा भरतीवर येतंय, तुज्या घड्यालावर नाय." होड्या लागणार होत्या एक ऑक्टोबरला, सकाळी.

तीसच्या संध्याकाळी तिने पत्र वडिलांसमोर ठेवलं आणि उरलेलं अर्धं सांगितलं. बाळा धुरींनी पत्र दोनदा वाचलं.

"असली नोकरी लोक सोडतात?"

"नाही सोडत, बाबा."

"ते कपाट चालेल?"

"माहीत नाही."

ते बराच वेळ ड्युटीच्या टोपीवरचा डाग नखाने खरवडत राहिले. "आमची गिरणी बंद झाली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, चालू ठेवू की बंद करू," ते म्हणाले. "तुला निदान विचारतायत. काय ते तू ठरव. मग मागाहून रडायचं नाही."

सकाळी सात वाजता सुलक्षणा वर्सोव्याच्या धक्क्यावर होती. आभाळ गच्च. होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या. बायकांनी भराभर जोड्या केल्या, सुलक्षणानेही केल्या, आणि कपाटातल्या दोऱ्या भरून गेल्या. आज विभागप्रमुखही आले होते, नाकाला रुमाल लावून का होईना. नऊ वाजले तेव्हा सुलक्षणाने घड्याळाकडे बघितलं. माहुलला आत्ता कोणीतरी तिचं नाव पुकारलं असेल आणि उत्तर आलं नसेल.

सरांनी खिशातून काडेपेटी काढली. त्यांच्या वहीत सगळं ठरलेलं होतं. पहिल्या तासाला पाणी सगळ्यात जास्त, म्हणून पहिल्या तासाला उष्णता सगळ्यात जास्त. दुधीचे आलेख तसं सांगत होते. ते भुशाच्या शेगडीपाशी वाकले.

सुलक्षणाला सखुबाईचं बोलणं आठवलं. सरांना ते सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं कसलं, तिने उद्यावर ढकललं होतं. ही चाचणी फसली तर दुसरी नाही, सखुबाईने तसं बजावलं होतं. माहुलही आता हातचं गेलं होतं. आणि विभागप्रमुखांसमोर, तीस बायकांसमोर, सरांना चूक म्हणायचं होतं. हो सर म्हणायची सवय हाडात मुरलेली असते.

सरांनी काडी ओढली.

"नाही सर," सुलक्षणा म्हणाली.

सरांनी वर बघितलं. "काय नाही?"

"शेगडी आत्ता लावायची नाही. आधी नुसता वारा. पाणी निथळल्यावर मग शेगडी. आत्ता ताव दिला तर मासा शिजेल."

"अगं, दोन वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडे."

"ते दुधीचे आहेत."

सरांचा आवाज चढला. त्यांनी वही उघडली, बोट ठेवून आकडे दाखवले. सुलक्षणाचाही आवाज चढला. बोंबलाची कातडी आधी कडक झाली तर आतलं पाणी बाहेर कुठून येणार, तिने विचारलं, तुमचा दुधी तुम्ही सोलून कापून आत ठेवला होता, याला कातडी आहे, सर, याला कातडी आहे! काडी सरांच्या बोटापर्यंत जळत आली. त्यांनी ती टाकली आणि दुसरी काढायला पेटी उघडली. सुलक्षणाने त्यांच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

तीस कोळणी एकदम गप्प झाल्या, आणि वर्सोव्यात असं सहसा होत नाही. विभागप्रमुखांनी नाकावरचा रुमाल काढला.

"ओ मास्तर," सखुबाई म्हणाली, "पोरगी खरा बोलते."

सर एका पालथ्या होडीवर जाऊन बसले. वही मांडीवर घेऊन काहीतरी मांडायला लागले, खोडायला लागले, पुन्हा मांडायला लागले. इकडे पंखा फिरत होता. बोंबलांच्या शेपट्यांतून पाणी ठिपकत होतं आणि कपाटाखाली त्याचं डबकं साचत होतं. दुपारी ते ठिपकणं थांबलं, तेव्हा सुलक्षणाने स्वतः शेगडी पेटवली, मंद. रात्री बायकांनी पाळीपाळीने भुसा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सखुबाईने उघडलं. तिने एक जोडी काढली. सरळ, लांब, पिवळसर, तोंडात तोंड घट्ट. तिने एकाची शेपटी मोडली. कट्ट असा आवाज आला. शेपटी तोंडात टाकून ती चघळत राहिली, सगळ्यांना ताटकळत ठेवून, आणि मग बायकांकडे वळली.

"कपाट हयांच ठेवा," ती म्हणाली. "आनि बाकीची पाच कवा देतीस गो?"

तिने सुलक्षणाला विचारलं होतं, सरांना नाही. सुलक्षणाने सरांकडे बघितलं. सर ओलाव्याचं यंत्र खिशात तसंच ठेवून हातातल्या जोडीचे जबडे सोडवायची खटपट करत होते. त्यांना ते जमत नव्हतं.

"असं नाही, सर," ती म्हणाली आणि दाखवलं.

"मी कातडी विसरलो," सर म्हणाले. "काल रात्री जेवताना बायकोला सांगितलं, ती मुलगी शेवटी भांडली. तिने मला दुसरी पोळी वाढली." ते खुशीत होते. त्यांनी बगलेतली जाडजूड फाइल, दुधीच्या आलेखांसकट, तिच्या हातात दिली आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागले.

तिच्या ओढणीच्या टोकात काडेपेटी गाठ मारून ठेवलेली होती. ती धावत त्यांच्यामागे गेली. "सर, तुमची काडेपेटी राहिली."

"असू दे तुझ्याकडे," मायदेवसर मागे न बघता म्हणाले. "शेगडी तुझी आहे."